चारच्या पुढे सिरीयल पोर्ट? कर्नल कंपाईल करायची गरज नाही

‘लिनक्सवर चारच सिरीयल पोर्ट (एकेक बिट ओळीने पाठवून उपकरणं जोडायचे पोर्ट) चालतात, जास्त हवे तर कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाईल करा, यूएसबी-सिरीयल केबल लावली तर पोर्टचं नाव सारखं बदलतं, आणि दरवेळी रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लागतं.’ हा मजकूर बरेच जण पुढे पाठवतात. तो खरा मानून कुणी चांगलं सिरीयल पोर्टांचं कार्ड परत करू नये, म्हणून हे लिहायला घेतलं.

चारचा आकडा अगदीच हवेतला नाही. बऱ्याच डिस्ट्रोंत (डेबियन, आर्चसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) सिरीयल पोर्टांचा ८२५० हा ड्रायव्हर सुरुवातीला चारच पोर्टांची जागा राखतो, त्यांची नावं टीटीवायएस० ते टीटीवायएस३. आठ पोर्टांचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवलं की पुढचे पोर्ट नोंदवलेच जात नाहीत आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘एरर -२८’ दिसते. तिचा अर्थ एवढाच की जागा संपली. कार्ड बिघडलेलं नसतं! ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) कर्नल ओळीत ‘८२५०.एनआर_यूएआरटीएस=१६’ घाला, ग्रब अपडेट करा, मशीन रीबूट करा. कर्नल बनवताना ठरलेली कमाल मर्यादा डिस्ट्रोंत सहसा चारपेक्षा बरीच वर असते, त्यामुळे कंपाईल करायची वेळ क्वचितच येते.

नाव बदलण्याची तक्रार खरी आहे, पण अर्धीच. यूएसबी केबलच्या पोर्टाला मिळणारा टीटीवाययूएसबी० हा क्रमांक केबल ज्या क्रमाने सापडते त्यावर ठरतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये तो लिहूच नका. डेव्ह (उपकरणांच्या फाइलींचं फोल्डर) यामधल्या सिरीयल फोल्डरात ‘बाय-आयडी’खाली प्रत्येक केबलची कायमची लिंक असते. पण सीएच३४० चिपच्या स्वस्त केबलींना वेगळा सिरीयल नंबर नसतो, तशा दोन लावल्या तर ‘बाय-पाथ’ वापरा. ती लिंक यूएसबीच्या खाचेवरून ठरते, तेव्हा केबलींची अदलाबदल करू नका.

रूटचं तर सोडाच. डेबियन, उबुंटूत स्वतःला ‘डायलआऊट’ गटात घाला (आर्चमध्ये ‘यूयूसीपी’), लॉगआऊट करून परत या. सीएचमॉड ६६६ चा (पोर्ट सगळ्यांना वाचायला-लिहायला खुला करायचा) सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. केबल काढून लावली की यूडेव्ह (उपकरणांच्या फाइली बनवणारी सेवा) ती परवानगी पूर्ववत करतो, शिवाय पोर्ट सगळ्यांना मोकळा होतो तो वेगळाच.

यूएसबीची खरी अडचण त्या मजकुरात नाहीच: वेळ. बऱ्याच केबलींत असलेल्या एफटीडीआयच्या चिपचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे पाठवण्याआधी थांबायची वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. तो १ वर आणता येतो आणि छोट्या प्रश्नोत्तरांचं काम लगेच सुधारतं. पण जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स सिरीयल पोर्टाच्या डीसीडी पिनवर घेऊन संगणकाचं घड्याळ लावायचं असेल, तर यूएसबीपेक्षा कार्ड किंवा मदरबोर्डवरचा कॉम हेडरच (सिरीयल पोर्टाच्या पिना) घ्या.