फिनिक्स पार्कातला स्तंभ आणि असईचे रान

डब्लिनच्या फिनिक्स पार्कात ६२ मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी वॉटर्लूला हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतलेले ब्राँझचे पट्ट बसवले असून त्यांतला एक 'भारतातील युद्धां'चा आहे. स्तंभ आर्थर वेलस्लीचा, म्हणजेच ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. मी मूळचा जालना जिल्ह्यातला; मुलांना घेऊन तिथे गेलो की त्या पट्टापुढे माझा पाय थबकतो, कारण जिथे तो मराठ्यांशी लढला ते असई गाव आमच्या जिल्ह्यात आहे.

१७६९ साली आयर्लंडमधल्या अँग्लो-आयरिश सरदार घराण्यात जन्मलेला हा धाकटा मुलगा नशीब काढायला भारतात आला आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर असईजवळ केळणा नदीकाठी उभा राहिला. नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच, ये-जा असणार तेव्हा उतारही असणारच, हे त्याने ओळखले आणि तिथूनच फौज पार केली. लढाई त्याने जिंकली, मात्र त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, कारण मराठ्यांचे गोलंदाज संगिनी छातीला भिडेपर्यंत तोफांपासून हलले नाहीत.

गावाकडे फोन केला की अलीकडे नावे आणि स्मारके यांचा वाद हटकून निघतो. मुंबईत रीगलच्या चौकात वेलिंग्टनचे कारंजे आहे. १८०१ आणि १८०४ मधल्या त्याच्या मुंबईभेटींची आठवण म्हणून ते १८६५ साली बांधले. ज्याने आपले राज्य मोडले त्याचे कारंजे आपण का जपायचे, असा माझ्या चुलतभावाचा सवाल आहे, आणि तो मला मुळीच पोरकट वाटत नाही. आयरिश लोकांनीही हा राग धरला होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी १८४३ साली महाराजपूरला लढलेल्या ब्रिटिश सेनापती ह्यू गॉफचा अश्वारूढ पुतळा याच पार्कात १९५७ साली सुरुंगाने उडवला गेला. १९६६ साली शहराच्या मध्यावरचा ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्तंभही स्फोटाने गेला. वेलिंग्टनचा मात्र राहिला. पंतप्रधान असताना १८२९ साली त्याने कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून देणारा कायदा संमत करून घेतला होता, आणि तरीही तबेल्यात जन्मल्याने कोणी घोडा होत नाही, अशा अर्थाचा टोला त्याच्या आयरिशपणाला आयरिश कॅथलिकांचा नेता डॅनियल ओकॉनेलने १८४३ साली हाणला होता. वेलिंग्टन आयरिश की इंग्रज, हा प्रश्न इथे आजही मिटलेला नाही, आणि स्तंभ समोर उभा असल्यामुळे तो विचारला तरी जातो.

आपली गोष्ट वेगळी आहे, हे मला कळते: आयर्लंडला तो निदान घरचा होता, आपल्याला तो केवळ शत्रू होता. परदेशात बसून असे बोलणे सोपे आहे, हेही मान्य. तरीही माझे मत असे, की कारंजे हलवण्यासाठी लागणारी धडपड आपण असईच्या रानासाठी करावी. नदीचा तो उतार कुठे होता, तोफांची रांग कुठून कुठे होती, हे शाळेच्या सहलीतल्या मुलाला मराठीत वाचता यावे, आणि त्या मजकुरात सेनापतींच्याही आधी त्या गोलंदाजांचा उल्लेख यावा.