यंदा आमसुलं वाळलीच नाहीत

ज्यांनी ज्यांनी "ताई, यंदाची आमसुलं कधी?" असा मेसेज टाकलाय, त्यांना एकेकाला उत्तर देत बसले तर तरव्याकडे, म्हणजे भाताच्या रोपांकडे, कोण बघणार, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते. यंदा आमसुलं नाहीत. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आहे थोडं, तेही घरापुरतं. का नाहीत ते सांगते, जरा लांबेल.

मेच्या मध्यावर माझ्या मुंबईच्या नणंदेचा फोन आला होता. "वहिनी, काय मस्त हवा पडलीय गो! मे महिना वाटतच नाही. काल रात्री पंखा बंद करून झोपलो." मी तेव्हा खळ्यात उभी होते, ताडपत्रीचं एक टोक हातात आणि दुसरं दगडाखाली सरकवत. तिला काय सांगणार? "हो ना, मस्त," म्हटलं आणि फोन ठेवला. मागून सासूबाई म्हणाल्या, "वैशाखात वाकळ घेऊची पाळी इली. आणखी काय बघूचा ऱ्हवला?"

ज्यांनी आमसूल फक्त डब्यात पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. ते फोडायचं, बी आणि गर बाजूला काढायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. सालं उन्हात टाकायची. संध्याकाळी ती त्या खारट रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. हे एकदा करून भागत नाही. आमच्याकडे पाच पुटं देतात, सासूबाईंच्या सासूबाई सात देत. प्रत्येक पुटाला साल थोडी काळी होते, थोडी आकसते आणि शेवटी हाताला चिकट लागते पण बोटांना रंग लागत नाही. तसं झालं की सोलं, म्हणजेच आमसुलं, झाली. सगळ्या खटाटोपात आपली मेहनत आणि मीठ सोडलं तर एकच कच्चा माल लागतो आणि तो विकत आणावा लागत नाही, तो म्हणजे ऊन. यंदा तोच मिळाला नाही.

पहिली दोन पुटं नीट झाली. तिसऱ्याला मळभ आलं. सकाळी दहापर्यंत ऊन आहेसं वाटायचं, सालं पसरावीत तर बाराला आभाळ भरायचं. आत घ्या, बाहेर काढा, परत आत घ्या. एका दिवशी मोजलं, सात वेळा. पाचव्या दिवशी सालांवर पांढरी लव दिसली. मिठाचा थर आहे असं स्वतःला समजावून पाहिलं. मग वास आला. नऊ झाडांच्या रातांब्यांपैकी निम्म्याहून जास्त माल माडाच्या आळ्यात पुरला. माडाला खत झालं म्हणायचं.

आता मुद्द्याचं. कुणी म्हणेल, कोकणात गारवा गारवा म्हणजे कितीसा? बरोबर आहे. आमच्याकडे विदर्भासारखा पंचेचाळीसचा पारा नसतोच. भर मेमध्येही किनाऱ्यावर तेहेतीस-चौतीसच्या आसपास, वर दमट उकाडा. त्यातून दोन-तीन अंश उतरले तर शहरातल्या माणसाला बरं वाटतं, एवढंच. पण आमची शेती आणि आमची बेगमी पाऱ्यावर कधी चाललीच नव्हती. ती उन्हावर चालते. पारा तीस असला आणि ऊन कडक असलं तर सोलं वाळतात. पारा तेहेतीस असला आणि मळभ असलं तर कुजतात. बातम्यांत "तापमानात घट, नागरिकांना दिलासा" असं येतं, त्यात उन्हाचा उल्लेख कुठेच नसतो. ऊन म्हणजे काय फुकटचीच वस्तू, तिची मोजदाद कोण ठेवणार!

झालं काय ते थोडक्यात. एरवी केरळात 1 जूनला येणारा मान्सून यंदा, म्हणजे 2025 साली, 24 मेला आला. त्याच दिवशी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर चढलं. दुसऱ्या दिवशी, 25 मेला, मान्सूनची रेषा थेट आमच्या देवगडावर आणि 26 ला मुंबईत, जिथे तो एरवी 11 जूनला पोचतो. पण आमच्यासाठी गोष्ट त्याच्या आधीच संपली होती. तो अधिकृतपणे येण्याआधी पंधरा दिवस ढगांनी वैशाख खाल्ला होता. देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात ओला मे ठरला म्हणे. आकडा कळला तेव्हा सासूबाईंना सांगितला. त्यांनी विचारलं, "मग सोलांचा काय?"

हापूसची कथा निराळी, पण नातं तेच. आमची चाळीसेक कलमं. गेल्या वर्षी पाऊस लांबला, झाडं मोहोराऐवजी पालवीच काढत बसली. कलमाला मोहोर यायला डिसेंबरातली कोरडी थंडी लागते. ती तेव्हा अशी तशीच पडली. मोहोर उशिरा, म्हणून फळ उशिरा. म्हणजे ज्या महिन्यात थंडी हवी होती तेव्हा ती नव्हती आणि ज्या महिन्यात आंबा चौदा आणे तयार होऊन उतरायचा त्या महिन्यात आम्ही वाकळी काढल्या. मळभात फळ झाडावर रेंगाळतं. ओल्यात उतरवलं तर देठाकडून काळं पडायला लागतं. फळमाशी तर अशा हवेची वाटच बघत असते. ती सालीखाली अंडी घालते, वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत अळ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, माशी पकडणारे रक्षक सापळे आम्ही लावले होते, उपयोग होतो, नाही असं नाही, पण पाऊसच लागल्यावर सापळा काय करणार? निसरड्या फांदीवर गडी चढवायची माझी हिंमत झाली नाही. जो आंबा पेटीत जायचा तो क्रेटमधून कॅनिंगला गेला, आणि सगळ्यांचाच गेल्यामुळे दर काय मिळाला हे लिहायची इच्छा नाही.

भाताकडे येते, कारण याकडे लक्ष जात नाही. वैशाखात जमीन नुसती पडून असते असं लोकांना वाटतं. ती पडून नसते, ती तापत असते. तापल्याने तणाचं बी मरतं, ढेकूळ फुटतं, किड्यांचे कोष उघडे पडून करपतात. आमचे आजे-पणजे याला जमीन भाजणं म्हणत आणि त्यासाठी राब, म्हणजे जमिनीवर अंथरलेला पालापाचोळा, वेगळा भाजत. रोहिणीच्या आगेमागे कोरड्या मातीत धूळवाफ पेरायची, मग मृगाच्या सरीने ते बी उठायचं, हा आमचा हिशोब. यंदा रोहिणी लागली 25 मेला, आणि त्या दिवशी आमच्या मळ्यात घोट्याएवढं पाणी. धूळपेरणीला धूळ तर हवी! वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईल म्हणून आठ दिवस थांबलो. आला नाही. शेवटी बियाणं भिजत घालून, मोड आणून रहू टाकला. रहू वाईट नसतो, पण त्याला चिखल करावा लागतो, जास्त माणसं लागतात, आणि पक्षी ते बी उचलून नेतात. तण तर असं माजलंय की तरवा कुठला आणि तण कुठलं हे जवळ बसून बघावं लागतं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर माझीच शेजारीण मला हसेल. तिच्या वाडीत एप्रिलपासून पाणी नव्हतं, दोन विहिरी तळाला गेल्या होत्या. मेच्या पावसाने त्या भरल्या. तिची कंबर वाचली. ती म्हणाली, "तुझी सोलं गेली, माझ्या डोक्यावरचा हंडा उतरला." यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. माड-पोफळी पण खूश आहेत. पण खाली बंदरावर जाऊन या एकदा. 1 जूनला मासेमारी बंद होते, त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस म्हणजे होड्यांची शेवटची कमाई आणि बायकांची सुक्या मासळीची शेवटची बेगमी. यंदा होड्या बंदीच्या आधीच वर ओढल्या आणि जो बारका माल आधी आला होता तो वाळूवरच सडला. सुकट आणि सोलं, दोन्ही एकाच उन्हाची लेकरं.

आता जे मला खरंच खटकतंय ते. हापूसला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस किती मिलिमीटर, पारा किती अंश, वारा किती वेगाने हे मोजतात आणि ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेलं तर पैसे मिळतात. कल्पना चांगलीच आहे. पण यंदा आंब्याचं संरक्षण 15 मेला संपलं. कारण कागदावर 15 मेला आंबा उतरून झालेला असतो. उशिरा मोहोरलेल्या कलमाला हा कागद वाचता येत नाही. शिवाय या योजनेने भीती धरलीय ती पाऊस, पारा आणि वाऱ्याची, कमी उन्हाची नाही. आणि कोकमाचं तर त्या यादीत नावच नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा लोगो मी पाकिटावर छापते. म्हणजे हे फळ जगात आमचंच आहे हे सरकारला मान्य, पण ते कुजतं हे अजून मान्य व्हायचंय.

"मग ड्रायर घ्या ना," असं मला तिघांनी सुचवलं. घेतलाय. सोलर आहे. त्यालाही ऊनच लागतं. विजेवरचा घ्यावा तर पहिल्या वाऱ्याला आमच्याकडची लाईट जी जाते ती परत कधी येईल ते लाईनमनलाही ठाऊक नसतं. विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाची पावसाच्या आधी तयार होणारी जात काढलीय, तिची सहा रोपं या पावसात लावणार आहे. फळ यायला काही वर्षं जातील. तोवर पाऊस एप्रिलपर्यंत पुढे सरकला नाही म्हणजे मिळवलं, असं आमचे हे म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

तर. ज्यांनी आगाऊ पैसे पाठवले होते त्यांचे परत केलेत. दोघांचा नंबर जुळत नाहीये, एकजण ठाण्याचे आणि एक पुण्याच्या ताई, इनबॉक्समध्ये मेसेज करा. सासूबाईंनी चौथ्या पुटाची काही सालं चुलीच्या वर ठेवून धुरावर वाळवलीत. जेमतेम दोन किलो होतील. रंग छान आलाय, वास मात्र धुराचा आहे. आमटीत चालतात, सोलकढीत अजिबात नाही. ज्याला चालतील त्याने सांगा, अर्ध्या किलोच्या वर कुणाला देणार नाही.