खोकं फेकू नका बरं

आज जळगावला गोलाणी मार्केटात गेलो होतो, नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, फोन घ्यायला. डोकं फिरवून परत आलोय म्हणून लिहून ऱ्हायलो. लांब होईल, कंटाळा आला तर सरका पुढं.

दुकानातल्या पोराला विचारलं, भाऊ, ह्या फोनला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येतील? तो असा बघतोय जसं काय मी केळीच्या घडाची वॉरंटी विचारली. "अपडेट तर येतच राहतात भो, तुम्ही कॅमेरा बघा ना, 108 मेगापिक्सेल." अरे, माझे नाना काय बागेत लग्नाची शूटिंग करणार आहेत का?

तेवढ्यात बाजूला एक बाबा उभे होते, टोपी, धोतर, हातात पिशवी. त्यांचा नवा फोन दुसरा पोरगा चालू करून देत होता. अलाऊ, अलाऊ, अलाऊ, खटाखट, वाचतसुद्धा नव्हता. जीमेल त्यानंच काढलं, पासवर्ड त्यानंच ठरवला आणि बॉलपेननं खोक्याच्या झाकणावर लिहून दिला, बाबांचं नाव आणि पुढं 123. वर सांगतो, "बाबा, खोकं फेकू नका बरं." बाबांनी ते खोकं पिशवीत असं जपून ठेवलं जसा सातबारा ठेवतात. मला तिथंच गरगरलं, कारण मला नाना दिसले.

नानांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मागच्या वर्षी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल आली, पीएम किसानच्या नावाची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाईल. नानांचा 2000 चा हप्ता अडकलेला होताच, त्यांनी दाबली. फोननं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. दोन तासात खात्यातून 41 हजार गेले. केळीचे पैसे होते, दोनच दिवस आधी जमा झालेले. बँकेत गेलो तर साहेब म्हणे, तुम्हीच कोणालातरी ओटीपी सांगितला असेल. नानांनी कोणालाच सांगितला नाही हो, ते ॲपच मेसेज वाचून पुढं पाठवत होतं! 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, पण रात्री कळलं तेव्हा लावला, त्यामुळे 9 हजार तेवढे अडकवले गेले आणि परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

नाना एकच वाक्य बोलत होते, "मले वाटलं सरकारचंच व्हतं रे ते."

आता माझं पाप ऐका. तो फोन माझा होता. 2018 ला घेतलेला, तीन वर्षं वापरला, मग नवा घेतला आणि जुना नानांना दिला, मोठा उपकार केल्यासारखा. आपल्याकडं घरोघरी हेच आहे, नवा फोन पोराला, पोराचा जुना बापाला, बापाचा जुना मायला. ते सगळं झाल्यावर पहिल्यांदा त्या फोनची सेटिंग उघडली, अबाऊट फोनमध्ये सिक्युरिटी पॅच, म्हणजे शेवटचं सुरक्षेचं अपडेट, बघितला तर 5 ऑगस्ट 2020. म्हणजे मी नानांच्या हातात दिला तेव्हाच त्याचे अपडेट बंद पडलेले, तो मेलेला होता! फवारणीच्या औषधाच्या बाटलीची एक्सपायरी आपण उलटसुलट करून बघतो, बियाण्याच्या पिशवीवरची बघतो, आणि ज्याच्यात बापाचं अख्खं बँक खातं आहे त्याची एक्सपायरी कोणी बघत नाही. मीपण नाही बघितली.

हो, मान्य आहे, एपीके नानांनी स्वतःच दाबली, नवाकोरा फोन असता तरी दाबली असती. पण सॅमसंगच्या आताच्या फोनात ऑटो ब्लॉकर म्हणून आहे, तो चालू असला की बाहेरून आलेली फाईल तो टाकूच देत नाही. माझ्या त्या जुनाट डबड्यात असलं काही येणारच नव्हतं. मग अडाणी कोण, नाना की इंजिनिअर पोरगा?

आता आयफोनवाले येतीलच कमेंटला. या. 2013 च्या 5एसला जानेवारी 2023 मध्ये सुरक्षेचं अपडेट आलं होतं, माहिती आहे मला, उत्तमच आहे. पण नाना तो घेऊन सकाळी बागेत पाणी भरायला जातील आणि पाटात पाडतील, मग हप्ते तुम्ही भरा. गूगलनं पिक्सेल 8 पासून अपडेटची सात वर्षं दिली, सॅमसंगनं एस24 पासून सात दिली. पण ते पैसेवाल्यांचे फोन झाले. वीस हजाराच्या आत सॅमसंगचाच ए16 5जी आहे ना, ऑक्टोबर 2024 ला आला तेव्हाच सहा वर्षांचं कबूल केलंय, म्हणजे 2030 पर्यंत. आणि ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही! सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं म्हणून पेढे वाटू नका, त्यातली दोन वर्षं कंपनीनं आधीच खाल्लेली असतात. हे दुकानात कोणी सांगत नाही. युरोपात तर 20 जून 2025 पासून कायदाच आहे, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचेच. आपल्याकडं मात्र लॉक स्क्रीनवर जाहिराती फुकट.

बॅटरीचं राहिलंच. आपल्याकडच्या मे महिन्यात 45 डिग्रीत फोन खिशात असतो, बॅटरी वर्ष-दोन वर्षांत मान टाकणारच. बॅटरी बदला, फोन नका बदलू. माझ्याच फोनची बदलली, 1800 लागले, मस्त चालू आहे.

एवढं सगळं त्या पोराला ऐकवून शेवटी तोच ए16 त्याच्याकडूनच घेतला. त्याचं तरी काय, दिवसाला पन्नास गिऱ्हाईकं, मालक डोक्यावर उभा. पण म्हटलं चालू नको करू, खोकं तसंच दे, आमचं आम्ही करतो.

संध्याकाळी गावी आलो. ओट्यावर बसून एकेक परवानगी नानांना वाचून दाखवली, "ह्याला तुमचे मेसेज बघायचेत, द्यायचे का?" नाना प्रत्येकाला नाही म्हणत होते. कॅमेऱ्याच्या ॲपला कॅमेरासुद्धा नाही म्हणाले. हसू आलं आणि पोटात कालवलंही.

मग ते आत गेले, लोखंडी कपाट उघडलं आणि जुन्या फोनचं खोकं घेऊन आले, खतांच्या पावत्यांखाली ठेवलेलं. म्हणे, "ह्याच्यावर नंबर हाये बघ, तोच टाक." झाकणावर पिन आणि पासवर्ड, दोन्ही लिहिलेले.

अक्षर माझं होतं.

गोलाणीत त्या पोरावर काय काय तोंड सोडून आलो होतो मी. काही बोललोच नाही. नाना नवा पिन ठरवायला बसले, खूप विचार केला आणि विहीर खोदली ते साल मोठ्यानं सांगितलं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "नाही हो नाना, त्याच्या पुढच्या वर्षी खोदली तुम्ही."

आता दुसरा पिन शोधून ऱ्हायलोय.