पाच रिपोर्ट झाले म्हणून बॅन?

आमच्या गेमिंग ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एकच मेसेज फिरून येतो. सार असं: चीटर (फसवं सॉफ्टवेअर, म्हणजे ‘चीट’, लावून खेळणारा) ओळखायला डोळे पुरतात, पाच जणांनी रिपोर्ट केलं की अकाउंट तिथल्या तिथे कायमचं बंद करा, कंपन्या करत नाहीत, कारण चीटरही स्किन (गेममधल्या बंदुकांचं, पात्रांचं सजावटी रूप) विकत घेतो. खाली अंगठ्यांची रांग. परवा रात्री दीड वाजता एकाच माणसाकडून सलग सहा वेळा मेलो, तेव्हा मलाही अंगठा द्यावासा वाटला.

आधी ‘डोळे पुरतात’चं बघू. सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक, पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा गेम) मध्ये 2013 पासून ओव्हरवॉच नावाची सोय होती. रिपोर्ट झालेल्याच्या आठेक फेऱ्या अनुभवी खेळाडूंना दाखवायच्या, नाव झाकून, आणि निकाल त्यांनी द्यायचा. स्क्रीनवर नुसता ‘सस्पेक्ट’. माझ्याकडे आलेल्या एका केसमध्ये मिराज मॅपवर गड्याचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) धुरातून बरोब्बर समोरच्याच्या डोक्यावर. वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचं दाखवणारं चीट, मी ठरवून टाकलं. मग हेडफोन लावून परत पाहिलं, तर पलीकडची पावलं स्वच्छ ऐकू येत होती. पुढच्याच फेरीत तो कोपऱ्यात दबा धरून बसलेल्यासमोरून सरळ चालत गेला आणि मेला. भिंतीपलीकडचं दिसणारा असा मरतो का? ‘पुरावा अपुरा’ दाबलं.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही. सीएस:गो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या जॉन मॅकडॉनल्डने 2018 मध्ये जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत आकडे मांडले होते. खेळाडूंच्या रिपोर्टवरून आलेल्या केसेसपैकी 15 ते 30 टक्क्यांत दोष सिद्ध व्हायचा. व्हॅकनेट या मशीन लर्निंग यंत्रणेने पाठवलेल्यांत 80 ते 95 टक्क्यांत. आपला राग एवढाच अचूक! आणि उलट बाजूही आहे. त्याच वर्षी शांघायच्या सीएस:गो स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा एक खेळाडू सापडला, तो पंचांनी त्याचा पीसी तपासला तेव्हा. चीटच्या फाइलचं नाव ‘वर्ड.ईएक्सई’. डोळ्यांना दिसला असता तर तो भारतातून तिथवर पोचलाच नसता.

आता पाच रिपोर्ट. सीएसमध्ये एका टीममध्ये माणसं किती? पाच. म्हणजे पाच मित्रांनी ठरवलं की समोरचा कुणीही उडाला. आपोआप बॅन करणारी यंत्रणा कशी फसते हे आपण पाहिलंय. 2010 मध्ये मॉडर्न वॉरफेअर 2 या गेमच्या सुमारे 12,000 खेळाडूंवर व्हॅकने (व्हॉल्व्हची चीट पकडणारी यंत्रणा) चुकून बंदी घातली. व्हॉल्व्हचा प्रमुख गेब न्यूएल याने माफी मागून त्यांना एक गेम फुकट दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस चालू केलं म्हणून सीएस 2 (सीएस:गोचा पुढचा अवतार) मध्ये लोक बॅन झाले. चीटचा मागमूस नव्हता, बिचाऱ्यांनी लॅग (बटण दाबणं आणि स्क्रीनवर दिसणं यातला उशीर) कमी करायला एक बटण दाबलं होतं.

‘तिथल्या तिथे’ ऐकायला छान वाटतं. पण बॅन लगेच आला तर चीट विकणाऱ्याला कळतं, आपलं नेमकं काय पकडलं गेलं. तो ते बदलून पुन्हा बाजारात. डोटा 2 या आपल्या दुसऱ्या गेममध्ये व्हॉल्व्हने म्हणूनच सापळा लावला: गेममध्ये असा डेटा ठेवला, जो नेहमीच्या खेळात कधी वाचलाच जात नाही, फक्त चीटच वाचेल. फेब्रुवारी 2023 मध्ये 40,000 हून जास्त अकाउंट एकदम उडाली. तोवर बाकीच्यांनी सोसायचं का? नाही, ही तक्रार रास्तच आहे. त्यावर कॉल ऑफ ड्यूटी या गेमची युक्ती मला आवडते: पकडलेल्या चीटरच्या गोळ्यांतला दमच काढून घ्यायचा आणि त्याला खेळू द्यायचं. तो झाडतोय झाडतोय, कुणी मरत नाही, आणि तिकडे त्याच्या चीटची माहिती गोळा होतेय.

स्किनच्या पैशांचा मुद्दा फार ताणू नये. चीटर एवढे लाडके असते तर कॉल ऑफ ड्यूटीच्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने चीट विकणाऱ्या एंजिनओनिंगला कोर्टात खेचून 2024 मध्ये 1 कोटी 40 लाख डॉलरांहून जास्तीचा निकाल मिळवला नसता.

‘कायमचं’ तर व्हॅकचे बॅन आधीपासूनच आहेत. फुकटच्या गेममध्ये पाच मिनिटांत नवं अकाउंट निघतं, अडचण तिथे आहे. स्टीमवर (व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान) एका अकाउंटला व्हॅक बॅन लागला की त्याच फोन नंबरवरच्या बाकीच्या अकाउंटांनाही लागू शकतो. हे खरं बोचतं.

मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर दोन ओळी बदला. रिपोर्टचं पुढे काय झालं ते रिपोर्ट करणाऱ्याला प्रत्येक गेमने कळवावं. आणि बॅन झालेल्याचं अपील माणसाने वाचावं. मी गेल्या वर्षभरात किती रिपोर्ट केले देव जाणे. पोच आली ती एकाची.