ऑक्सिजन भाव बांधल्याने संपला नव्हता

‘२०२१ मध्ये पुण्यात ऑक्सिजन संपला तो सरकारने भाव बांधले म्हणून. भाव मोकळे असते तर माल आपोआप आला असता. पुढच्या वेळी दोन सिलिंडर घरात भरून ठेवा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या धाकट्या भावाकडे आला आणि स्वतःचं औषधांचं दुकान असूनही त्याने तो पुढे ढकलला! आता उत्तर द्यायलाच हवं.

आधी तो शेवटचा सल्ला, कारण तो जिवावर बेतणारा आहे. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लावला तर साडेअकरा तास पुरतो. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकावाटे जोराच्या प्रवाहाने, ६० लिटर लावला तर दोन तासही नाही. म्हणून रुग्णालयांचे सिलिंडर सतत फिरते असतात: रिकामा फिलरकडे (सिलिंडर भरून देणाऱ्याकडे), भरून परत. घरात ‘असू दे’ म्हणून ठेवलेला सिलिंडर या फेऱ्यांतून बाद होतो, आणि टंचाईत ऑक्सिजनइतकीच रिकाम्या सिलिंडरचीही वानवा असते. शिवाय रेग्युलेटरच्या आट्यांना तेलकट हात लागला तरी भडका उडू शकतो.

दराचं म्हणाल तर एनपीपीएचा, म्हणजे औषधांचे दर ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाचा, सप्टेंबर २०२० चा निर्णय वाचा. त्याआधी सिलिंडरमधल्या ऑक्सिजनला घनमीटरमागे १७.४९ रुपयांची मर्यादा होती, पण कारखान्यातून निघणाऱ्या द्रवरूप ऑक्सिजनला कुठलीच नव्हती. देशाची मागणी दिवसाला ७५० टनांवरून २८०० टनांवर गेली, उत्पादकांनी दर चढवले आणि फिलर मधल्यामध्ये भरडला गेला. १७.४९ मध्ये परवडत नव्हतं, एवढं मान्य. पण त्याला भरडणारा दर मोकळाच होता! शेवटी द्रवरूपाला १५.२२ आणि सिलिंडरला २५.७१ असे दोन्ही दर बांधावे लागले, वाहतूक वेगळी.

एप्रिल २०२१ मध्ये टँकरही कमी पडले. उणे १८३ अंशांचा द्रव साध्या टँकरमधून नेता येत नाही. रिकामे क्रायोजेनिक टँकर कळंबोलीहून रेल्वेने विशाखापट्टणमला धाडले ते उगाच नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा मोठा प्रकल्प उभारायला कित्येक महिने जातात. दुप्पट भाव दिला म्हणून यातलं काहीही रातोरात होत नाही.

आणि कोविडवरचं रेमडेसिविर इंजेक्शन? त्याची कमाल किंमत तर केंद्र सरकारने बांधलेलीच नव्हती. कंपन्यांनी दर उतरवले ते १७ एप्रिलच्या सुमारास, रांगा लागून गेल्यावर. इंजेक्शनच्या बॅचच्या निर्जंतुकतेच्या चाचणीलाच १४ दिवस लागतात. काळ्या बाजारात मोजलेल्या हजारो रुपयांनी ते कमी होत नव्हते.