टवका उडाला म्हणून अख्खी दाढ पुन्हा कोरायची?

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर दातांबद्दलचा एक मेसेज फिरतोय. पेशंटकडून आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि परवा मावशीनेही पाठवला, खाली प्रश्न टाकून: "तू पण असंच जोडकाम करतोस का रे?"

मेसेज थोडक्यात असा. दातात भरलेलं पांढरं सिमेंट एकदा कडक झालं की त्याला नवं सिमेंट धरत नाही, म्हणून टवका उडाला तर सगळं काढून नव्याने भरा. 'नुसता जोड देतो' म्हणणारा डॉक्टर वेळ मारून नेतोय. कडेला काळी रेघ दिसली म्हणजे आत कीड गेलीच. आणि शेवटी घरगुती उपाय: तुकडा हाती लागला असेल तर इन्स्टंट ग्लूचा एक थेंब पुरे.

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते खपतं. आपण ज्याला पांढरं सिमेंट म्हणतो ते कॉम्पोझिट, म्हणजे राळ आणि त्यात काचेची अतिबारीक पूड. ते साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर निळा लाइट मारतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे थराचा सगळ्यात वरचा पापुद्रा पुरता घट्ट होत नाही, चिकट राहतो, आणि पुढचा थर त्यालाच रासायनिक रीतीने जुळतो. शेवटी पॉलिश केलं की तो पापुद्रा जातो. पुढे तोंडात राहून राळ पाणी शोषते, जुळायला मोकळे असलेले बंध कमी होत जातात. अशा गुळगुळीत, जुन्या पृष्ठभागावर नुसतं बाँड, म्हणजे चिकटवणारं द्रव, फासून वर कॉम्पोझिट थापलं तर ते पुढच्या भाकरीबरोबर येणारच. मेसेज लिहिणाऱ्याने असाच एखादा जोड पाहिला असावा.

पण दातावरची पकड नुसत्या रसायनावर कधीच नव्हती. १९५५ साली अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या इनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण कवचावर, ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड अर्धा मिनिट ठेवून पाहिलं, तेव्हा राळ त्यावर कितीतरी घट्ट बसली. ॲसिडने पडलेल्या सूक्ष्म खाचांत ती शिरून अडकते. आज आम्ही ३७ टक्क्यांच्या आसपासचं जेल वापरतो, तत्त्व तेच. गोम अशी की हे ॲसिड जुन्या कॉम्पोझिटला खाचा पाडत नाही, फक्त साफ करतं. तिथे खडबडीतपणा आपल्यालाच आणावा लागतो. जुन्या भिंतीवर गिलावा करण्याआधी गवंडी ती छिन्नीने खरवडून घेतो, तसा.

एका निवृत्त बँकवाल्या काकांचं उदाहरण देतो. पुढच्या दातातलं सहा-सात वर्षांचं कॉम्पोझिट, चिक्की खाताना कोपरा उडालेला. दुखत नसतानाही लवंगेचं तेल लावून आले होते. हे आधी सांगत जा, कारण लवंगेतलं युजेनॉल राळ कडक होऊ देत नाही. दात नीट घासून धुतला, रबर डॅम लावला, म्हणजे लाळ लागू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा. तुटलेली कड बरने, म्हणजे ड्रिलच्या बारीक टोकाने, किंचित उतरती केली, मग ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फवारा मारला. चकचकीत कॉम्पोझिटची चमक गेली. ॲसिड लावून, धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढुरकं दिसलं, कॉम्पोझिट होतं तसंच. त्यावर सायलेन लावलं. हे एका हाताने उघड्या पडलेल्या काचेला धरतं, दुसऱ्याने राळेला. मग बाँड, हवेचा झोत, लाइट, नवे थर. हल्ली काही बाँडच्या बाटलीतच सायलेन मिसळलेलं असतं, पण तो बाँड आम्लधर्मी असतो आणि त्यात ते फार टिकत नाही, म्हणून मी वेगळंच लावतो. सगळं मिळून पाऊण तास गेला. याला वेळ मारून नेणं म्हणत असतील तर म्हणोत. असा जोड अखंड ताज्या कॉम्पोझिटइतका मजबूत होत नाही, हे मान्य. पण रोजच्या चावण्याला तो पुरतो, आणि पुन्हा तुटला तर पुन्हा जोडता येतो.

'सगळं काढून नव्याने भरा' हा सल्ला ऐकायला स्वच्छ वाटतो, पण त्याची किंमत दात मोजतो. कॉम्पोझिटचा रंग दाताशी जुळवलेला असतो, त्यामुळे ते कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो हे काढताना नीट दिसत नाही. दर खेपेला थोडा चांगला दातही जातो, खड्डा मोठा होतो, भिंती पातळ होतात. असं दोन-तीनदा झालं की मग कॅप, कधी रूट कॅनाल. जागतिक दंत महासंघाने, म्हणजे एफडीआयने, २०१९ मध्ये दुरुस्तीच्या बाजूने धोरण मांडलं ते याच कारणाने. आणि खरं सांगायचं तर जोडाचे पैसे मागताना आम्हालाच संकोच वाटतो, नव्या फिलिंगचे मागताना वाटत नाही.

काळ्या रेघेचं म्हणाल तर ती बऱ्याचदा चहा, तंबाखू किंवा मिसरीचा डाग असते. पॉलिश केल्यावर गेली तर विषय संपला. कड मऊ लागली किंवा एक्स-रेत फिलिंगखाली सावली दिसली, तर ती कीड. फार पसरली असेल, फिलिंगच हलत असेल किंवा दाताला खोल तडा असेल, तर जोड देत बसू नये, तिथे मेसेजचं बरोबर आहे. एकाच जागी वारंवार टवका उडत असेल तर आधी चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, तपासायचा. रात्री दात खाण्याची सवय असते, आणि दोष सिमेंटला मिळतो.

ग्लू मात्र नकोच. तो तोंडासाठी बनवलेला नाही, ओलाव्यात झटकन गरम होऊन सेट होतो, तुकडा केसभर वाकडा बसला तरी चावा बिघडतो, आणि तो खरवडून काढण्यात माझी अर्धी दुपार जाते. तुकडा कॉम्पोझिटचा असेल तर खुशाल टाकून द्या. दाताचाच असेल तर पाण्यात किंवा दुधात ठेवून लगेच घेऊन या. तो बऱ्याचदा जसाच्या तसा परत बसवता येतो.