पॉटर, चेल्सी आणि लंडनच्या शेळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरवरच्या माझ्या गेल्या आठवड्यातील लेखाखाली (लंडनच्या चेल्सी क्लबमध्ये त्याला अपयश आले ते त्याच्या दोषाने की क्लबच्या, हा त्या लेखाचा प्रश्न) आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी एकदा रात्री आणि एकदा सकाळी अशी दोनदा वाचली, कारण रात्री आलेला राग सकाळपर्यंत उतरतो असा माझा आजवरचा अनुभव आहे. या वेळी तो उतरला नाही. ज्यांच्या वाचनात ती आलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे आपल्याच शब्दांत इथे देतो : "पॉटर चेल्सीत आठ महिने नव्हता, सात महिनेही नव्हता, आधी मोजायला शिका. हा लहान गावातला मोठा माणूस. ऑस्टरसुंडला तिसऱ्या श्रेणीत कोणीही जिंकेल. ब्रायटन तर तो गेल्यावर जास्तच वर गेले. चेल्सीत त्याचे पितळ उघडे पडले आणि वेस्ट हॅममध्ये उरलीसुरली कल्हईही गेली. स्वीडनही मार्चमध्ये नारळ देईल. पुण्यात बसून लंडनच्या शेळ्या हाकणाऱ्यांनी आधी आयुष्यात एखादी ड्रेसिंग रूम पाहावी आणि मग माणसांना योग्यतेची प्रमाणपत्रे वाटावीत."

प्रथम माझी चूक कबूल करतो. पॉटरची चेल्सीतली नेमणूक 8 सप्टेंबर 2022 ची आणि हकालपट्टी 2 एप्रिल 2023 ची, म्हणजे सात महिनेही भरत नाहीत. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. मात्र मोजण्याचाच विषय निघाला आहे तर हेही सांगायला हवे, की पॉटरने ऑस्टरसुंडचा संघ हाती घेतला तेव्हा तो स्वीडनच्या तिसऱ्या नव्हे, चौथ्या श्रेणीत होता. तिथून तीन बढत्या मिळवून 2016 च्या हंगामात त्याने तो अव्वल श्रेणीत नेला, 2017 मध्ये स्वीडनचा चषक जिंकला, त्याच उन्हाळ्यात युरोपा लीगच्या पात्रता फेरीत तुर्कीच्या गालातासरायला घरी पाठवले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये आर्सेनलला आर्सेनलच्याच मैदानावर 2-1 असे हरवले. आधीचा सामना 0-3 असा गमावल्यामुळे ते स्पर्धेबाहेर पडले, हे मी लपवत नाही. पण आपल्या वाक्यातला तो 'कोणीही' नेमका कोण, हे कळले तर बरे होईल. पॉटर ब्रायटनहून चेल्सीला गेल्यावर ब्रायटन पुढे त्याच्या जागी आलेल्या डी झेर्बीच्या हाताखाली प्रीमियर लीगमध्ये सहावे आले हे खरे आहे; मात्र ज्या मॅक अलिस्टर आणि कायसेडो या खेळाडूंच्या जोरावर ते आले, त्यांना संघात रुळवण्याचे काम आधीच झालेले होते आणि ते कोणी केले हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता शेळ्यांकडे वळतो. आपल्या प्रतिक्रियेत मुद्दे असतील, नाहीत असे मी म्हणत नाही. पण ते सारे ज्या शेवटच्या वाक्याला टेकून उभे आहेत, ते वाक्य मुद्दा नसून टोमणा आहे. सामना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला मत असू नये, असा आपला नियम दिसतो. डिसेंबरात सवाई गंधर्वच्या मंडपातून बाहेर पडणारा निम्मा श्रोतृवर्ग चहाच्या टपरीपाशी उभा राहून गायकाचा षड्ज आज कसा लागला यावर बोलत असतो आणि त्यातल्या कोणालाही आपण विचारत नाही, की बाबा रे, तू स्वतः कधी तंबोरा जुळवला आहेस का. शिवाय, आपण स्वतः हे कोठून लिहिता? आपल्या मागच्या एका प्रतिक्रियेत कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल तक्रार होती. चेल्सीचे मैदान स्टॅमफर्ड ब्रिज तिथून किती जवळ आहे, याची मला कल्पना नाही.

तरीही आपण विचारलेच आहे, म्हणून सांगतो. ड्रेसिंग रूम मी पाहिली आहे. 1994 ते 2003 या काळात मी पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलो. पॉटरही खेळाडू म्हणून त्याच जागेवरचा, त्यामुळे माझा त्याच्याकडे थोडा ओढा आहे, हा आरोप कोणी केला तर मान्य आहे. खेळणे थांबल्यावर सहा वर्षे मी खडकीच्या बाजूला मुलांचा एक संघ चालवला. आमची ड्रेसिंग रूम म्हणजे पिंपळाचा पार. सतरा मुले होती. कोणाची सकाळची पाळी आहे, कोणाचे बूट भावाचे आहेत, कोणाला रागावले तर चालते आणि कोणाला बाजूला घेऊनच बोलावे लागते, हे मला पाठ होते. आम्ही दोन वेळा वरच्या गटात गेलो. त्यात माझी हुशारी किती आणि त्या मुलांची किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

त्यानंतर शहरातल्या एका मोठ्या क्लबने मला बोलावले. नाव लिहीत नाही. तिथली काही माणसे आजही भेटतात आणि चांगली वागतात. तिथे खरी, चार भिंतींची, आरसा असलेली खोली होती. पहिल्याच महिन्यात सेक्रेटरींनी दोन नवे आघाडीपटू पाठवले, मी मागितलेले नसताना. पुढच्या पंधरवड्यात आणखी तीन आले. गणपतीच्या सुट्टीपर्यंत हजेरीपटावर 31 नावे झाली होती. मैदानात उतरणार अकरा, राखीव म्हणून बाकावर बसणार सात. उरलेले तेरा जण कठड्यावर बसून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर दूरचित्रवाणीवर दिसत नाही, एवढे आपले म्हणणे मला मान्य आहे. एका संध्याकाळी सर्वांसमोर मी एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली. कोणी हसले नाही. माझा संघ माझ्या हातून तेव्हाच गेला होता. मला ते चार पराभवांनंतर कळले. नवव्या सामन्यानंतर सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटजवळ पेट्रोल भरायच्या रांगेत उभा होतो. "सर, जरा बदल करून पाहू या," एवढेच ते म्हणाले. पिंपळाखालचा मी आणि आरशासमोरचा मी, या दोन माणसांत सहा महिन्यांत काय बिघडले असावे, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण तो विचार 'पितळ उघडे पडले' अशा तीन शब्दांत उरकलात.

चेल्सीत काय घडले ते आता याच नजरेने पाहावे. मे 2022 मध्ये क्लबचे मालक बदलले. 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या प्रशिक्षक टुखेलला नव्या मालकांनी झाग्रेबमधल्या एका पराभवाच्या दुसऱ्या दिवशी घरी पाठवले आणि त्याच्या पुढच्या दिवशी पॉटरला पाच वर्षांचा करार देऊन आणले. पहिले नऊ सामने तो हरला नाही. त्यांत मिलानवरचे दोन विजय होते. त्यांतल्याच दुसऱ्या सामन्यात रीस जेम्सचा गुडघा गेला. पाठोपाठ चिलवेलही दुखापतीने बाहेर गेला आणि कांते तर ऑगस्टपासूनच जायबंदी होता. मग जानेवारीत मालकांनी 30 कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतून एका महिन्यात आठ खेळाडू आणले, त्यांत एकटा एन्झो फर्नांडेझ 10 कोटी 68 लाख पौंडांचा. या आठांपैकी चॅम्पियन्स लीगसाठी तिघांचीच नोंदणी नियमाने शक्य होती. उसना आणलेला जाओ फेलिक्स पहिल्याच सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. लग्नाच्या आदल्या रात्री आचाऱ्याच्या चुलीपुढे आठ नवी पिंपे ओतून ठेवायची आणि सकाळी वरण बिघडले म्हणून त्यालाच बोल लावायचा, अशातला हा प्रकार आहे. एवढे असूनही मार्चमध्ये त्याने डॉर्टमुंडला हरवून संघाला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम आठांत नेले. 31 सामन्यांत 12 विजय, 8 बरोबरी आणि 11 पराभव ही कामगिरी चांगली होती, असे मी लेखात कोठेही म्हटलेले नाही. लेख पुन्हा वाचावा. साउदॅम्पटनकडून घरच्या मैदानावर झालेल्या पराभवाला तर मी 'लाजिरवाणा' हा शब्द वापरला आहे.

आणि आपल्या ड्रेसिंग रूमच्या निकषाचेच पुढे काय झाले, तेही पाहू. पॉटर गेला तेव्हा संघ लीगमध्ये 28 सामन्यांत 38 गुण मिळवून अकरावा होता. त्याच्या जागी हंगाम संपेपर्यंत फ्रँक लॅम्पार्ड आला. चेल्सीसाठी सर्वाधिक, म्हणजे 211 गोल करणारा हा माणूस; त्या खोलीतला प्रत्येक खिळा त्याला माहीत होता आणि मोठ्या खेळाडूंसमोर कसे उभे राहावे हे त्याला शिकवण्याची गरज नव्हती. त्याच्या हाताखाली अकरा सामन्यांत एक विजय मिळाला आणि आठ पराभव झाले. चेल्सी बाराव्या स्थानी संपले. खोली पाहिलेल्या माणसाचीही तीच गत होत असेल, तर दोष माणसात शोधायचा की घरात, हा माझ्या मूळ लेखाचा प्रश्न होता. त्याला आपल्या प्रतिक्रियेत उत्तर नाही.

एक गोष्ट स्वराबद्दल. फेब्रुवारी 2023 मध्ये पॉटरने पत्रकारांना सांगितले होते, की त्याला आणि त्याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या ईमेलवरून येत आहेत. आपण तसे काही केलेले नाही आणि करणारही नाही, याची मला खात्री आहे. तरी एखाद्याने काम चांगले केले नाही असे म्हणणे आणि त्याची लायकीच नव्हती असे म्हणणे, यांतले अंतर सुशिक्षित माणसाला कळावे, अशी अपेक्षा मी ठेवतो आणि ती अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

चेल्सीनंतर पॉटरने सांभाळलेल्या वेस्ट हॅमबद्दल आपण एकच वाक्य लिहिले आहे, म्हणून मीही एकच लिहितो : 25 सामन्यांत सहा विजय ही नोंद वाईट आहे, परंतु आधीच विस्कटलेला संघ जानेवारी 2025 मध्ये हाती आलेल्या माणसाची परीक्षा त्यावरून घेता येत नाही. यावर वाद घालण्यात मला स्वारस्य नाही.

स्वीडनविषयी मात्र आपण घाई करत आहात. 2025 च्या दिवाळीत स्वीडनच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी त्याच्या नेमणुकीची बातमी आली तेव्हा तो संघ विश्वचषकाच्या पात्रता गटात चार सामन्यांत एक गुण मिळवून तळाशी होता. इसाक आणि योकेरेस ही आघाडीपटूंची जोडी हाताशी असताना ही अवस्था, आणि आदल्याच सामन्यात कोसोव्होकडून घरच्या मैदानावर हार. युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या नेशन्स लीगमधल्या कामगिरीमुळे मार्च 2026 मधल्या पात्रतेच्या बाद फेरीची वाट उघडी राहिली होती आणि त्याचा तेव्हाचा करारही तेवढ्याच मुदतीचा होता. लहान मुदतीचा करार आपल्याला अपमान वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. चेल्सीने पाच वर्षांचा शब्द देऊन सात महिन्यांत, क्षमा करा, सात महिन्यांच्या आत काढून टाकले होते. स्वीडनमध्ये तो सात वर्षे राहिला, तिथली भाषा बोलतो, आणि ज्या गावात फुटबॉलपेक्षा बर्फावरच्या खेळांना अधिक मान, तिथे त्याने खेळाडूंना रंगमंचावर नाचायलाही लावले होते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकावर जानेवारीत कोणी आठ खेळाडू लादू शकत नाही. असलेल्यांतूनच निवडायचे असते आणि त्यांची नावे नीट लक्षात ठेवायची असतात. चेल्सीचे दार त्याच्यासाठी पुन्हा उघडणार नाही आणि इंग्लंडमधला मोठा क्लब आता त्याला लवकर बोलावणार नाही, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. तो संपला, हे मात्र मला मान्य नाही.

हे पत्र लिहितो आहे तेव्हा स्वीडनचा स्वित्झर्लंडविरुद्धचा सामना 15 नोव्हेंबर 2025 ला, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, व्हायचा आहे. मी तो घरी बसून, दूरचित्रवाणीवरच पाहणार आहे आणि स्वीडन हरले तरी त्यावर लिहिणार आहे. आपली काल आलेली दुसरी प्रतिक्रिया मिळाली. तिच्यात मजकूर नसून केवळ तीन हसरे चेहरे असल्यामुळे ती प्रसिद्ध केलेली नाही.